मुलाखत घेणाऱ्या भाचीस

प्रिय बाळ,

जिल्ह्याच्या युवा संस्थेच्या मंडळावर नवे सभासद घ्यायचेत आणि त्यांच्या मुलाखती घेणाऱ्या समितीत तुझं नाव आहे, हे ताईच्या फोनवरून कळलं. आनंद झाला. काळजीही वाटली, ती यासाठी की उमरग्यासारख्या गावात मुलाखत बऱ्याचदा सुरू व्हायच्या आधीच संपलेली असते. कोण कुणाचा, कुठल्या गल्लीतला, त्याच्या बापानं मागच्या निवडणुकीत कुणाचा झेंडा धरला, हे टेबलाशी बसलेल्या साऱ्यांना तोंडपाठ असतं. मोठ्या शहरातल्या समितीला उमेदवाराबद्दल काहीच माहीत नसतं. आपल्याला नको तेवढं माहीत असतं. त्यामुळे आपल्याकडे मुलाखत घेणाऱ्यानं स्वतःला जास्त बांधून घ्यावं लागतं.

मी नेहरू युवा केंद्राच्या स्वयंसेवकांच्या निवडीला काही वर्षं बसलो. १९७२ साली सुरू झालेली ती केंद्रं आता 'माय भारत'मध्ये गेली. पण खोलीतलं दृश्य बदललेलं नाही. पलीकडे घाम पुसत बसलेलं लेकरू आणि अलीकडे चहा पिणारे आपण. त्या खोलीत जे शिकलो ते तुला सांगतो.

'निवडून आलास तर काय करशील?' हा प्रश्न विचारूच नको. त्याचं उत्तर सगळ्यांना पाठ असतं. युवकांना दिशा देईन, व्यसनमुक्ती करीन, रोजगार आणीन. ज्याचा आवाज खणखणीत तो जिंकतो. तू विचार, 'काय केलंस?' आणि उत्तर आलं की तिथंच थांबू नको. कधी केलंस, सोबत कोण होतं, पैसे कुठून आले, मध्येच कोण सोडून गेलं, आज ते काम चालू आहे का, असं एकेक पायरी खाली उतरत जा. केलेल्या माणसाला तपशील आठवतात. न केलेला तिसऱ्या प्रश्नाला भाषणावर येतो.

एक उदाहरण सांगतो. अशाच एका निवडीच्या दिवशी एका मुलानं जाडजूड फाइल आणली होती. प्लास्टिकच्या पिशव्यांत सर्टिफिकेटं, पुढाऱ्यांसोबतचे फोटो, शिबिरांचे बिल्ले. त्याच्यामागून आलेल्या मुलीकडे फक्त एक वही होती, कोपरे दुमडलेली. ग्रामपंचायतीच्या जुन्या खोलीत ती अभ्यासिका चालवायची. वहीत रकाने होते: नाव, बसायची वेळ, लाइट बिलाची वर्गणी, आणि शेवटचा रकाना, 'यायचं का बंद केलं'. त्यात खाली खाली लिहिलेलं: भरतीत लागला, पुण्याला कंपनीत गेला, लग्न झालं, वडिलांनी नको म्हटलं. मी 'वडिलांनी नको म्हटलं' यावर बोट ठेवलं. ती म्हणाली, अशा दोघी होत्या, दोघींच्या घरी गेले. एकीची वेळ संध्याकाळऐवजी दुपारची केल्यावर ती परत आली. दुसरीचं ठरलं होतं. बस, एवढंच. समितीतले दोघे म्हणाले, मुलगी फार कमी बोलते. मला मात्र तो शेवटचा रकानाच सगळं सांगून गेला. जो मुलं का गळतात हे लिहून ठेवतो, तो मंडळावर बसला तर योजनेचा पैसा कुठं गळतो हेही बघेल.

सर्टिफिकेटांपेक्षा गावाची माहिती मोठी ठरते, ही गोष्ट आपल्या भागाला नवी नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंप झाला तेव्हा किल्लारीइतकाच सास्तूरच्या बाजूचा, म्हणजे त्या वेळच्या उमरगा तालुक्याचा पट्टा मातीला मिळाला. पुढं घरं दुरुस्त आणि मजबूत करण्याचा सरकारी कार्यक्रम आला, त्यात स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेच्या मदतीनं गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायकांना 'संवाद सहायक' केलं. अनुदान कुणाला किती, भिंतीला पट्टा कुठं घालायचा, इंजिनिअर कधी येणार, हे घरोघर सांगायचं काम त्यांचं. त्यातल्या कित्येकींचं शिक्षण बेताचं. पण गावातलं कुठलं घर कुणाचं, कुठल्या घरात पैसे भलतीकडे जातील, हे त्यांना ठाऊक होतं. तुझ्या समितीत कुणी 'पदवीधर नसेल तर कशाला बोलवायचं?' असं म्हणालं, तर ही गोष्ट सांग. नियमात पदवीची अट नसेल तर आपण ती मनातल्या मनात लावायची नाही.

आता मंडळाचं काम काय, ते नीट समजून घे. स्वयंसेवक गावात फिरतो. मंडळाचा सभासद कागदावर सही करतो, बजेट मंजूर करतो, हिशोब तपासतो, आणि वेळ आली तर 'हे चालणार नाही' म्हणतो. म्हणून उत्साह तपासून भागत नाही. मी असं करायचो: एक पानाचा जमाखर्च तयार करायचा आणि प्रत्येकाला बाहेर बसवून दहा मिनिटं वाचायला द्यायचा. गावच्या क्रीडास्पर्धेचा खर्च समज. मंडप ६,०००, बक्षिसं ४,२००, नाश्ता ३,८००, एकूण १५,०००. बेरीज १४,००० होते. वरून एका पावतीवर तारीख स्पर्धेच्या नंतरची. आत आल्यावर फक्त विचारायचं, 'या कागदावर सही करशील का?' काही जण लगेच हो म्हणतात. काही जण बेरजेची चूक दाखवतात आणि खूश होतात. तेही चांगलंच. पण कुणी विचारलं की 'स्पर्धेत पोरी किती होत्या?', तर त्या उमेदवाराच्या नावापुढं खूण कर. बेरीज पुढं शिकवता येते. कागदात जी माणसं दिसत नाहीत त्यांची आठवण होणं शिकवायला फार वेळ लागतो.

'नाही' म्हणण्याची ताकद बघायला एकच प्रश्न पुरतो: 'आपल्याच मित्रमंडळात तू कधी एकटा पडलास का, आणि कशावरून?' गणेश मंडळाच्या वर्गणीवरून, डीजेवरून, कुणाच्या नावाच्या बॅनरवरून, काहीतरी असतंच. ज्याला आजवर कधीच एकटं पडावं लागलं नाही, तो मंडळात हात वर करायला बसेल. फार विचारून त्याला ओशाळवू मात्र नको.

नात्यागोत्याचं पहिल्याच बैठकीत, अर्ज उघडण्याआधी काढून टाक. तू स्वतः सुरुवात कर. यादी समोर ठेवून म्हण, यातला अमुक माझ्या सासरच्या भावकीतला आहे, तमुकला मी वर्गात शिकवलंय. सोयरीक, पक्ष, पैशाची देवघेव, गुत्तेदारीतली भागीदारी, सगळं बोललं जाऊ दे. लोकांना हा शिष्टाचार वाटतो. तो कायदा आहे. १९६९ च्या क्रैपाक खटल्यात काश्मीरमधला एक वनाधिकारी स्वतः उमेदवार असून निवड मंडळावर बसला होता. स्वतःच्या नावावर चर्चा झाली तेव्हा तो उठून गेला, पण प्रतिस्पर्ध्यांच्या वेळी बसून राहिला. सर्वोच्च न्यायालयानं ती निवडच रद्द केली. पुढं १९८५ च्या अशोक कुमार यादव खटल्यात न्यायालय आणखी स्पष्ट बोललं: लोकसेवा आयोगाचा सदस्य आपल्या नातलगापुरता बाजूला झाला तरी चालेल, पण साध्या निवड समितीत जवळचा नातलग उमेदवार असेल तर सदस्यानं सगळ्या प्रक्रियेतूनच बाहेर पडावं. आपल्याकडे सगळे एकमेकांचे कोणीतरी लागतात, हे खरं. म्हणूनच कळंब किंवा परंड्याकडचा एक राखीव सदस्य आधीच मागून घ्या. ऐनवेळी मिळत नाही.

गुणांचा कागद पहिला उमेदवार आत येण्याआधी ठरलेला पाहिजे. केलेलं काम, हिशोबाची समज, द्यायला असलेला वेळ, दुसऱ्याचं ऐकून घेण्याची तयारी, असे चारच रकाने पुरेत. कशाला किती गुण तेही आधीच. उमेदवार बाहेर गेला की कुणीही तोंड उघडायच्या आत प्रत्येकानं आपले गुण शाईच्या पेनानं लिहायचे. मग बोलायचं, आणि बोलताना सगळ्यात लहान सदस्यानं आधी, अध्यक्षानं शेवटी. साहेब आधी 'मुलगा बरा वाटला' म्हणाले की बाकीच्यांचे आकडे तिकडेच सरकतात. हे मी इतक्यांदा बघितलंय की यावर मी तडजोड करणार नाही, आणि तूही करू नको.

वेळ द्या. श्रीनगरच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या अजय हासिया खटल्यात मुलांच्या मुलाखती दोन-तीन मिनिटांत उरकल्या होत्या, त्यातही आईबापाबद्दल आणि राहण्याच्या ठिकाणाबद्दल विचारलं होतं, आणि तोंडी परीक्षेला एकूण गुणांचा तिसरा हिस्सा ठेवला होता. न्यायालयानं म्हटलं की पंधरा टक्क्यांच्या वर तोंडी गुण ठेवणं अवाजवी, आणि मुलाखती टेप करून ठेवाव्यात. केंद्र सरकारनं तर १ जानेवारी २०१६ पासून खालच्या पदांच्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली, कारण वशिला शिरतो तो याच दारातून. मंडळावरच्या माणसाला समोर बसवून ऐकण्याला मात्र पर्याय नाही. मग ते दार उघडं ठेवून वापरावं. दक्षिण आफ्रिकेत २००८ च्या कायद्यानं राष्ट्रीय युवा विकास संस्था उभी आहे. तिच्या मंडळावरची माणसं संसदेच्या शिफारशीवरून राष्ट्राध्यक्ष नेमतात आणि संसदेची समिती त्या मुलाखती लोकांसमोर घेते. आपल्याला तेवढं जमलं नाही तरी प्रत्येकाला वीस मिनिटं, सगळ्यांना तेच मुख्य प्रश्न आणि फोनवर रेकॉर्डिंग, एवढं तालुक्याच्या विश्रामगृहातही जमतं.

वयाचा नियम आधी वाच. २०१४ च्या राष्ट्रीय युवा धोरणात युवा म्हणजे १५ ते २९; २००३ च्या धोरणात १३ ते ३५ होतं. तुमच्या संस्थेच्या नियमात जे असेल ते. चाळिशीतले 'युवा नेते' अर्ज करणारच. त्यांना छाननीतच बाजूला काढा, खोलीत आणून अपमान करू नका.

आणि मुलींचं. मुलाखतीची वेळ एसटी बघून ठरवा. उमरग्याहून नळदुर्ग, तुळजापूर करत जिल्ह्याला जायचं आणि अंधार पडायच्या आत गावात परत यायचं, हे गणित मुलाला नसतं. मुलींना सकाळची वेळ द्या. वडील किंवा भाऊ सोबत येतील, त्यांना बाहेर खुर्ची द्या, पाणी विचारा, पण आत घेऊ नका. 'लग्न झाल्यावर कसं करशील?' हा प्रश्न कुणी काढलाच तर तिथल्या तिथं थांबव. हसून टाळू नको. म्हण, हा प्रश्न मुलांना विचारला नव्हता, म्हणून हिलाही नाही. एकदा असं म्हटलंस की पुढं दिवसभर कुणी विचारणार नाही.

भाषेचं तुला सांगायला नको, तू इथलीच आहेस. आळंद-बसवकल्याणच्या अंगाला घरात कन्नड बोलतात, तांड्यावर गोरमाटी, मुरूमच्या मोहल्ल्यात दखनी. पहिला प्रश्न साध्या मराठीत विचार आणि सांग की उत्तर ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत दे, आम्ही समजून घेऊ. समितीत कन्नड समजणारा एक जण असू दे. पुस्तकी मराठी बोलणारा आपोआप हुशार वाटतो, हा समज मास्तर लोकांत फार पक्का असतो.

फोन येतील. आधी घरी येतील, मग तुझ्या नवऱ्याला येतील, मग कुणी पेढे घेऊन येईल. भांडू नको. सगळ्यांना एकच वाक्य: 'यादीत नाव असेल तर मुलाखत होईल, आणि तुमचा फोन आल्याचं मी समितीला सांगणार आहे.' आणि खरंच सांग. कुणाच्या वतीनं फोन आला ते इतिवृत्तात लिहून घे. दोनदा लिहिलं की तिसरा फोन येत नाही. यात त्या उमेदवाराचा दोष धरू नको. बऱ्याचदा त्याला पत्ताही नसतो की काकानं कुठं शब्द टाकलाय.

निवड झाली की यादी गुणांसकट लावा. माहिती अधिकाराचा अर्ज येईपर्यंत वाट बघायची काय गरज? ज्यांची झाली नाही त्यांना कार्यालयाकडून एक फोन जाऊ दे, कुठल्या रकान्यात कमी पडलं ते सांगायला. पुढच्या खेपेला तीच मुलं पुन्हा अर्ज करतील, जमाखर्च वाचायला शिकून येतील.

इतिवृत्तावर सही करायच्या आधी शेवटचं पान सावकाश वाच. खालची जागा कोरी राहिली असेल तर आडवी रेघ मार, मग सही कर, तारीख घाल आणि एक झेरॉक्स घरी आण.

तुझा,
मामा