कार्ड कोणतं, पैसा कोणाचा

रिसोड, जि. वाशीम
दसऱ्यानंतरचा रविवार

चि. छकुलीस,


परवा फोनवर तू म्हणालीस, "मामा, ऑफिसात बँकेचा माणूस आला होता, क्रेडिट कार्ड फुकट देतोय. बाबांकडे पण आहेच की, मग मी घेतलं तर काय बिघडलं?" तेव्हा अंगणात सोयाबीनचे कट्टे भरणं चालू होतं, म्हणून मी नुसतं हो-हो केलं. पण रात्री तुझं बोलणं डोक्यातून जाईना. पहिला पगार हातात आला आहे, पुण्यात एकटी आहेस. म्हणून हे पत्र.

आपल्याकडे यंत्रात घालायच्या कोणत्याही कार्डाला सरसकट 'एटीएम' म्हणतात. दिसायला सगळी सारखीच: सोळा आकडे, एक चिप, मागे तीन आकडी सीव्हीव्ही. रुपे, व्हिसा, मास्टरकार्ड ही नावं फक्त पैसे कोणत्या जाळ्यातून जातात ते सांगतात. त्यावरून कार्डाची जात कळत नाही. जात ओळखायची तर विचारायचं, यातून निघणारा पैसा कोणाचा? डेबिट कार्डातून निघतो तो तुझ्या खात्यातला, तुझाच. मेट्रोच्या कार्डात तू आधी भरून ठेवलेला, तोही तुझाच. ते पिन न विचारता चालतं, म्हणून त्यात थोडेच भरत जा. क्रेडिट कार्डातून निघतो तो बँकेचा.

आता बाबांचं कार्ड, म्हणजे किसान क्रेडिट कार्ड. ते १९९८ साली आलं. त्या कार्डाची मर्यादा पगारावर ठरत नाही. पेरा किती एकरांचा, पीक कोणतं आणि त्या पिकाला एकरी कर्जदर किती, यावर ठरते. परतफेडही पिकाच्या हंगामाला धरून असते. तीन लाखांपर्यंत व्याज ७ टक्के, मुदतीत भरलं तर केंद्राची ३ टक्के सवलत मिळून ४ टक्के, आणि आपल्या राज्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेमुळे वेळेवर भरणाऱ्याला ते शून्यावर येतं. म्हणून तर बाबा नवं-जुनं करायला, म्हणजे जुनं कर्ज भरून नवं उचलायला, बँकेत दिवस दिवस बसतात. मुदत चुकली की ही सवलत गेली.

त्यांच्या खिशात मात्र दोन रुपे कार्डं आहेत, एक बचत खात्याचं, एक पीक कर्जाचं. दोन्हीतून एटीएमवर नोटा निघतात. घाईत चुकीचं घातलं तर स्वतःचे समजून कर्जाचे पैसे काढले जातात, आणि काढल्या दिवसापासून त्यावर व्याज बसतं. तू आलीस की कर्जाच्या कार्डाला लाल दोरा बांधून दे.

आता तुझ्या ऑफिसातल्या माणसाचं कार्ड. त्यावर व्याज साधारण महिन्याला साडेतीन टक्के असतं, म्हणजे वर्षाला ४२. समज, तू ४०,००० ची खरेदी केलीस आणि बिलावर 'किमान देय २,०००' पाहून तेवढेच भरलेस. उरले ३८,०००. त्यावर एका महिन्याचं व्याज १,३३० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, मिळून जवळजवळ १,५७०. आणि बाबांनी हेच ३८,००० पीक कर्ज म्हणून उचलले तर ४ टक्क्यांनी अख्ख्या वर्षाचं व्याज होतं १,५२०. त्यांचं वर्ष आणि तुझा महिना! हा हिशेब मी तीनदा करून पाहिला, बाळा. शिवाय एकदा बाकी ठेवली की व्याज खरेदीच्या तारखेपासून लागतं, आणि नव्या खरेदीलाही बिनव्याजी दिवस मिळत नाहीत.

तुझ्या आजीला अकोल्याला भरती केलं होतं तेव्हा मी स्वतः क्रेडिट कार्डानं एटीएममधून १०,००० काढले. बिल येईपर्यंत व्याज नाही, अशी माझी समजूत. ती सूट खरेदीला असते, रोखीला नाही. काढण्याचं शुल्क वेगळं आणि व्याज त्याच घडीपासून. दवाखान्याच्या धावपळीत ते कळायलाही महिना गेला. ती रात्र आठवली की आजही जीव कासावीस होतो. घरात थोडी रोकड ठेवली असती तर ती वेळच आली नसती.

तरी घेऊ नकोस असं मी म्हणत नाही. एकच घे, मर्यादा लहान ठेव आणि पूर्ण बिल पगाराच्या खात्यातून आपोआप कापलं जाईल अशी सोय पहिल्याच दिवशी कर. अशानं तुझी पत तयार होईल, पुढे घरकर्जाला ती कामी येईल. 'फुकट' म्हणजे पहिलं वर्ष की कायमचं, हे कागदावर वाच. पटलं नाही तर बाकी भरून बंद करायला सांग. कामाच्या सात दिवसांत बंद केलं नाही तर बँकेनं दिवसाला ५०० रुपये द्यायचे, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे.

कार्ड नुसतं टेकवून ५,००० पर्यंत पिनशिवाय जातात. ॲपमध्ये ती सोय आणि परदेशी व्यवहार बंद ठेवता येतात, ठेव. ओटीपी कुणालाही सांगू नकोस, बँकेचं नाव सांगणाऱ्यालाही नाही. आपली चूक नसताना तिसऱ्यानंच पैसे उडवले तर कामाच्या तीन दिवसांत बँकेला कळवायचं, मग भुर्दंड आपल्यावर येत नाही. सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा १९३० हा नंबरही लिहून ठेव.

आणि एक काम. तुझ्या आईचं जनधनचं रुपे कार्ड पत्र्याच्या पेटीत, लग्नातल्या शालूखाली आहे. त्यावर दोन लाखांचा अपघात विमा आहे, पण अपघाताआधीच्या ९० दिवसांत कार्ड एकदा तरी वापरलेलं लागतं. ती रोज शेतात जाते, विळा हातात, पायाखाली काय असेल सांगता येत नाही. दिवाळीला आलीस की तिला मालेगावच्या एटीएमवर ने. शंभर रुपये काढायचे. पिन तिलाच टाकू दे, तू बाजूला उभी राहा.

तुझा,
मोठा मामा