मिन्शुकुत उतरण्यापूर्वी

जपानच्या खेड्यात बेताच्या खर्चात राहायचं तर मिन्शुकुसारखी सोय नाही. राहत्या घरातल्याच काही खोल्या पाहुण्यांना दिलेल्या, स्वयंपाकही घरच्यांच्याच हातचा. रात्रीचं जेवण आणि सकाळची न्याहारी धरून साधारण 8 ते 12 हजार येन पडतात. हा दर माणशी बरं का, खोलीमागे नाही; चौघांचं कुटुंब असेल तर हिशेब आधीच मांडा.

किसो खोऱ्यातल्या त्सुमागोला आईला घेऊन गेलो होतो. आई पक्की शाकाहारी. “व्हेज कळवलंय, काळजी सोडा,” असं बुकिंग करून देणाऱ्याने छातीठोकपणे सांगितलेलं. ताट आलं तेही देखणं: भात, रानभाज्यांचा तेम्पुरा, तोफू, लोणची, वाफाळतं मिसो सूप. आईने वाटी तोंडाजवळ नेली आणि तशीच खाली ठेवली. माशाचा वास! मालकीणबाईंना ‘मांस नको’ एवढाच निरोप पोचला होता आणि मांस त्यांनी खरोखरच घातलं नव्हतं. पण सुकवलेल्या बोनिटो माशाचा अर्क, म्हणजे दाशी, तिकडे आपल्या फोडणीसारखी सगळीकडे असते. सुपात, शिजवलेल्या भाजीत, सोबा नूडल्स बुडवून खायच्या रसातसुद्धा. बाई बिचाऱ्या कावऱ्याबावऱ्या झाल्या. आईने भात आणि मीठ लावलेल्या तेम्पुऱ्यावर भागवलं.

तेव्हा बुकिंगच्या वेळीच जपानीत लिहून कळवा: मांस नको, मासे नकोत, माशाची दाशीही नको, कोंबू शेवाळाची किंवा शिताके मशरूमची चालेल. मधल्या माणसाच्या ‘व्हेज’वर विसंबू नका. काही घरं सरळ ‘जमणार नाही’ म्हणतात. मला तर असा नकार परवडतो. मग बिनजेवणाची खोली, ‘सुदोमारी’, घ्या. मात्र त्सुमागोत संध्याकाळी पाचच्या सुमाराला दुकानं मिटतात, त्यामुळे गरम पाण्यात भिजणाऱ्या पोह्यांची पाकिटं जवळ हवीत. अगदी निर्धास्त जेवायचं तर कोयासानच्या मंदिरांतल्या पाहुण्यांच्या निवासात, म्हणजे शुकुबोत राहा. तिथल्या बौद्ध शाकाहारी जेवणात, म्हणजे शोजिन र्‍योरीत कांदा-लसूणही नसतो, पण पैसे जास्त मोजावे लागतात.

जेवण बहुधा सहा-साडेसहाला. पाचपर्यंत पोचा, उशीर होणार असेल तर फोन करा. घरची माणसं ताटं वाढून खोळंबतात. अंघोळीचं टाकं सगळ्यांना मिळून एकच. बाहेर बसून साबण लावून स्वच्छ व्हायचं, मगच टाक्यात उतरायचं, आणि निघताना पाणी सोडून द्यायचं नाही. तुमच्यामागे आणखी कुणीतरी असतं. गुडघे दुखत असतील तर खुर्ची मिळेल का, तेही आधीच विचारा, कारण जेवण बसक्या टेबलावर आणि झोप जमिनीवरच्या फुतोनवर. पैसे रोख बाळगा.

मागोमे ते त्सुमागो ही जुन्या नाकासेंदो मार्गावरची 8 किलोमीटरची वाट चालायची तर मागोमेकडून निघा. ते गाव उंचावर असल्याने चढ कमी लागतो. पर्यटनाच्या हंगामात सकाळी तिथल्या पर्यटन कचेरीत बॅग दिली, तर थोडक्या पैशांत ती दुपारी पलीकडे पोचते. वाटेत जागोजागी टांगलेल्या घंटा अस्वलांसाठी आहेत, वाजवत चला.