जाळं घेताना आधी मासा मोजा

तायांनो, हतनूर, गिरणा, वाघूर किंवा अक्कलपाडा धरणाच्या काठी राहणाऱ्या गटांतून मासेमारीच्या जाळ्यासाठी कर्जाची मागणी येते. कर्ज मंजूर होतं, दुकानदार देईल ते जाळं घरी येतं आणि मग हप्ता सुरू. जाळं चुकलं तर हप्ता काही थांबत नाही. म्हणून दुकानात जायच्या आधीच हे वाचा.

पहिली गोष्ट कागदाची. धरणात मासेमारीचा ठेका बहुतेक मत्स्यव्यवसाय सहकारी संस्थेकडे असतो. घरचं माणूस तिथं सभासद आहे का, कुठलं जाळं चालतं, हे संस्थेत विचारून घ्या. कर्जाचा अर्ज त्यानंतर.

आता माप. पाण्यात उभं लावायच्या जाळ्यात मासा डोकं घालतो आणि कल्ल्यापाशी अडकतो. म्हणजे जाळ्याचं घर माशाच्या अंगावर बेतलेलं हवं, जसं ब्लाउज बेततो तसं! जेवढा मासा धरायचा आहे तेवढा एक बाजारातून आणा. कल्ल्याच्या लगेच मागे दोरा गुंडाळा. दोरा 24 सेंटीमीटर भरला तर त्याचं निम्मं, म्हणजे साधारण 12 सेंटीमीटरचं घर लागेल. हे माप घर ताणून, एका गाठीपासून समोरच्या गाठीपर्यंत घ्यायचं. काही जण घराची एकच बाजू मोजतात, ती ताणलेल्या मापाच्या निम्मी भरते. त्यामुळे दुकानदाराच्या तोंडी आकड्यावर जाऊ नका, पट्टी लावून बघा.

बारीक घराचं जाळं पहिल्या आठवड्यात भरलेलं दिसतं, खरंय. पण त्यात रोहू-कटल्याची पिल्लंच जास्त. हे मासे साधारण दुसऱ्या वर्षी अंडी घालण्याजोगे होतात. बोटाएवढं पोर आज दहा-वीस रुपयांत गेलं, तर पुढच्या वर्षी किलोचा मासा आणायचा कुठून?

लांबीतही फसगत होते. दोर न लावलेलं 100 मीटर जाळं दोरावर बांधलं की साधारण 50 मीटरच राहतं. परकराला चुण्या घालतो तसं ते सैल बांधावं लागतं, नाहीतर घरं उघडतच नाहीत. वरचा-खालचा दोर, बोया, शिसं आणि बांधायची मजुरी वेगळी. कर्ज मागताना हा सगळा खर्च धरा, नाहीतर जाळं कोपऱ्यात पडून राहतं.

तंगूस बारीक असेल तर माशाला दिसत नाही, मासा जास्त लागतो, पण बुडालेल्या बाभळीच्या काट्यात लवकर फाटतो. झाडंझुडपं बुडालेल्या भागात थोडा जाड घ्या. उथळ काठावर, एकट्या माणसाला फेकजाळं पुरतं. त्यात शिसं कमी असलं की जाळं तळाला उशिरा टेकतं आणि मासा खालून निसटतो, तेव्हा ते हातात तोलून बघा.

तुटलेला तुकडा पाण्यात सोडू नका, त्यात मासे अडकून मरत राहतात. आणि जाळं वाळवायचं ते सावलीत. खान्देशातल्या उन्हात नायलॉन लवकर कुजतो.