नदीचे पाणी, सांडपाणी व हार्मोन

श्रीक्षेत्र कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून सर्वश्रुत आहे. ज्या वर्धा नदीत तेथील यात्रेकरू स्नान करतात, जिचे पाणी गुरे पितात व जिच्यावर काठचे बागाईतदार पंप बसवितात, तिच्यात काय सोडावे व काय सोडू नये, हा प्रश्न केवळ शहरवासीयांचा नव्हे, आम्हा शेतकऱ्यांचाही आहे.

कौंडण्यपूरच्या वरील अंगास, मोर्शीजवळ सिंभोरा येथे, ऊर्ध्व वर्धा धरण आहे. तेथून अमरावती शहरास पिण्याचे पाणी मिळते. परंतु शहराचे सांडपाणी अंबानाल्याच्या वाटेने पेढी नदीकडे, म्हणजे पूर्णेच्या खोऱ्यात जाते. एका नदीचे पाणी प्यावे व दुसरीच्या पदरी मळ घालावा, असा हा व्यवहार आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या 2018 च्या यादीत पेढीचा भातकुलीकडील टप्पा दूषित म्हणून नोंदलेला आहे.

सांडपाण्यातील घाण डोळ्यांस दिसते व नाकास कळते. हार्मोन मात्र दिसत नाहीत. शरीराची वाढ व प्रजनन यांचे नियमन करणारी ही द्रव्ये मनुष्याच्या व जनावरांच्या मलमूत्रातून बाहेर पडतात. गाभण गाईच्या शेणमुतात त्यांचे प्रमाण अधिक असते. संततिनियमनाच्या गोळ्यांतील कृत्रिम स्त्री-हार्मोन हे त्यांहून चिवट होय.

त्याचा परिणाम किती अल्प मात्रेने होतो, हे कॅनडातील प्रयोगावरून कळते. तेथे 2001 ते 2003 या काळात एका लहान तलावात हे कृत्रिम हार्मोन लिटरास सुमारे पाच-सहा नॅनोग्रॅम राहील असे मिसळले. नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा शंभर कोटीवा अंश. इतक्यानेच नर मासे मादीसारखे होऊ लागले व मिनो नामक लहान मासळी जवळजवळ नाहीशी झाली. इंग्लंडातील नद्यांतही, शुद्धीकरण केंद्रांच्या खालील अंगास, नर माशांत अंड्यांच्या पेशी आढळल्याचे 1998 साली प्रसिद्ध झाले.

मग शुद्धीकरणाने काय साधते? प्रथम गाळ खाली बसवितात; नंतर हवा खेळवून जंतूंकडून विरघळलेली घाण खाववितात. ही दुसरी रीत 1914 साली मँचेस्टर येथे सिद्ध झाली. तिने नैसर्गिक हार्मोन बहुतांशी नष्ट होतात. कृत्रिम हार्मोन काही प्रमाणात पाण्यात उरते, काही गाळास चिकटते. यास्तव स्वित्झर्लंडाने 2016 पासून निवडक केंद्रांत ओझोन अथवा सक्रिय कोळसा यांची जादा पायरी कायद्याने लावली आहे. म्हणून निवळ पाणी म्हणजे शुद्ध पाणी, असे मानणे चुकीचे होय.

एवढा खर्च खेड्यास झेपणार नाही. परंतु आपल्याजवळ माती आहे. मातीचे कण हार्मोनांस धरून ठेवतात व तिच्यातील जंतू त्यांचे विघटन करतात. एवढ्याकरिता पुढील गोष्टी पाळाव्यात :

(1) गावाची गटारे थेट नदीस जोडू नयेत. घरोघर शोषखड्डे करावेत. ते विहिरीपासून दूर असावेत.

(2) उकिरडा नदीकाठी अगर नाल्यात नसावा. शेण, मूत व काडीकचरा यांचे थर देऊन खत नीट तापू व कुजू द्यावे. कुजताना हार्मोन बरेच कमी होतात.

(3) काळ्या जमिनीस उन्हाळ्यात भेगा पडतात. अशा वेळी मैलापाणी सोडल्यास ते माती न शोषताच भेगांतून खोल उतरते. तसे करू नये.

(4) मोठा पाऊस येण्याच्या बेतात असता खत पसरू नये, आणि काठालगत गवताची पट्टी राखावी.

(5) उरलेली औषधे गटारात टाकू नयेत.

शहरांनी आपले पाणी शुद्ध करावे, ही आमची मागणी रास्तच आहे. परंतु आपल्या गोठ्याचा पाट नदीत सोडून ती मागणी आम्ही कोणत्या तोंडाने करावी, याचा विचार प्रत्येक कास्तकाराने करावा.