पिणारा एक, आजारी सारे घर



वंदनेच्या वेळी पाचवे शील आपण सर्वजण मोठ्या आवाजात म्हणतो. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला बाबासाहेबांनी ज्या बावीस प्रतिज्ञा दिल्या, त्यांतही दारू न पिण्याची प्रतिज्ञा आहे. ती ठाऊक नाही असे बौद्ध घर शोधून सापडणार नाही. मग जे घर ही प्रतिज्ञा जाणते आणि ज्या घरात तरीही रोज रात्री बाटली येते, त्या घरातील बाईने, म्हातारीने, लेकरांनी काय करावे, हा आजच्या पाठाचा विषय आहे. दारू वाईट आहे हे सांगण्यासाठी हा पाठ नाही. ते त्या घरातील पाच वर्षांचे पोरही जाणते.

मी शाळेत शिकवतो. माझ्या वर्गातला एक मुलगा महिन्याच्या पहिल्या आठवड्यात हमखास गैरहजर असे आणि आला तरी बाकावर डोके ठेवून झोपे. दोन वेळा रागावलो. तिसऱ्या वेळी घरी गेलो. भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर, तिच्या शेजारी चौकटीत लावलेल्या बावीस प्रतिज्ञा, आणि खाली चटईवर बाप भर दुपारी पडलेला. मुलाची आई म्हणाली, "सर, त्यांना ताप आहे." वास साऱ्या खोलीत भरला होता. मी निघालो तेव्हा ती दारापर्यंत आली आणि हळूच म्हणाली, "कुठं बोलू नका सर. आपण बौद्ध म्हणवतो, लोक हसतील."

हे वाक्य मी तेव्हा पहिल्यांदा ऐकले नव्हते. माझी आईही अगदी हेच म्हणत असे. पगाराच्या दिवशी ती कारखान्याच्या फाटकाशी उभी राहायची आणि शेजारणीने विचारले तर, बाजाराला चालले, असे सांगायची. माझ्या शिक्षणाची फी तिने भांडी घासून भरली. आमच्या घराण्यात पदवी घेणारा मी पहिला. परंतु त्या सर्व वर्षांत तिने एकाही बाईजवळ मन मोकळे केले नाही. मी कॉलेजात असताना वडील गेले. त्यानंतर कळले की आमच्या चाळीत आणखी चार घरांत तेच चालले होते. चारही बाया एकाच नळावर पाणी भरत होत्या!

येथे थांबून विचार केला पाहिजे. जी प्रतिज्ञा माणसाला मोकळे करण्यासाठी दिली, तिचाच आपण पडदा केला आहे. ज्या घराला सर्वांत जास्त आधार हवा, तेच घर बौद्ध म्हणवून घेण्याच्या लाजेने दार लावून बसते. विहारात त्या बाईची जागा हळूहळू मागच्या रांगेत जाते, आणि एक दिवस ती येईनाशी होते.

विनयपिटकातील एक प्रसंग पुष्कळांनी ऐकला असेल, पण त्याचा उत्तरार्ध सहसा सांगितला जात नाही. एका भिक्खूला हगवण लागली होती आणि तो स्वतःच्याच घाणीत पडून होता. भगवान बुद्ध आनंदासह तेथून जात असता त्यांनी त्याला पाहिले. तुझी शुश्रूषा का होत नाही, असे विचारता तो म्हणाला की मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी काळजी घेत नाहीत. भगवंतांनी स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याला धुतले, दोघांनी त्याला उचलून खाटेवर निजविले. पुढे त्यांनी भिक्खूंना जमवून समजावले की तुम्हांला येथे आई नाही, बाप नाही. तुम्हीच एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहणार? इथवर सर्वांना माहीत असते. त्यापुढे मात्र त्यांनी कामाची वाटणीच करून दिली आहे. उपाध्याय असेल तर त्याने पाहावे, आचार्य असेल तर त्याने, शिष्य असेल तर त्याने, सोबत राहणारा असेल तर त्याने. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संघाने पाहावे, न पाहिल्यास तो संघाचा दोष. म्हणजे करुणा ही केवळ मनात आणण्याची गोष्ट ठेवलेली नाही, कोणते काम कोणाचे हे ठरविले आहे. आपल्या वस्तीत हीच वाटणी राहून गेली आहे.

आता ज्यांनी हे काम दुसरीकडे केले, त्यांच्याकडे वळू. अमेरिकेत ओहायो राज्यातील अ‍ॅक्रन गावी १९३५ साली बिल विल्सन आणि डॉ. बॉब स्मिथ हे दोन पिणारे एकमेकांना भेटले. एक शेअर बाजारातला, दुसरा शल्यविशारद. दारू सुटावी म्हणून दोघांनीही आधी पुष्कळ खटपट केली होती. एक पिणारा दुसऱ्या पिणाऱ्याशी खरे बोलतो तेव्हा ऐकणारा जसे ऐकतो तसे तो डॉक्टरचे किंवा धर्मोपदेशकाचे ऐकत नाही, हा शोध त्यांना लागला. त्यातून अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस ही संघटना उभी राहिली. भारतात ती १९५७ साली मुंबईत आली.

परंतु आपल्या विषयाला त्याहून जवळची गोष्ट बिल विल्सनच्या पत्नीची, लोइस हिची आहे. नवऱ्याची दारू सुटली. तो रोज बैठकांना जाऊ लागला. एके दिवशी त्याने बैठकीला चलण्याची घाई केली, तेव्हा तिने संतापाने पायातला बूट काढून फेकला. पीत होता तेव्हा जिने सारे सोसले, तिला आता राग का यावा? विचार करता तिच्या लक्षात आले की वर्षानुवर्षे नवऱ्याच्या दारूभोवती फिरता फिरता आपणही आजारी झालो आहोत, आणि त्या आजाराकडे कोणी पाहिलेलेच नाही. नवरे आत बैठकीला बसत तेव्हा बायका बाहेर ताटकळत. त्या बायकाच पुढे एकत्र बसू लागल्या आणि १९५१ साली लोइसने अ‍ॅन नावाच्या मैत्रिणीसह या गटांना अल-अ‍ॅनॉन या नावाखाली जोडले. १९५७ मध्ये किशोरवयीन मुलांसाठी वेगळी शाखा निघाली. या गटांत पिणाऱ्याची दारू कशी सोडवावी हा विषयच नसतो. ती माझ्यामुळे लागली नाही आणि माझ्या धाकाने सुटणार नाही, एवढे एकदा उमगले की बाई स्वतःच्या जगण्याकडे पाहू लागते.

आपल्याकडे पुण्यात १९८६ साली डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले. त्याची घडण नीट पाहण्यासारखी आहे. आरंभीची जागा येरवड्याच्या शासकीय मनोरुग्णालयाच्या आवारातली. आरंभीचा पैसा पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी दिलेला; उपचार डॉक्टरांचे; आणि रोजच्या कामात पूर्वी स्वतः व्यसनात असलेली, आता त्यातून बाहेर आलेली माणसे. सरकार, दाते, डॉक्टर आणि भोगलेले लोक, चौघांनी आपापले काम केले. पत्नींसाठी तेथे 'सहचरी' नावाचा गट चालतो. नवरा उपचार घेत असताना बायको दुसऱ्या बायकांमध्ये बसते आणि बोलते.

गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. तरीही तेथे २०१६ साली 'सर्च', टाटा ट्रस्ट आणि राज्य शासन यांना मिळून मुक्तिपथ हा कार्यक्रम हाती घ्यावा लागला; गावोगाव संघटना आणि तालुक्याला उपचार अशी त्याची रचना केली गेली. बंदीचा कागद दुकान बंद करतो, घरातल्या माणसाला धरून बसवत नाही.

आपल्या वस्तीत पुण्यासारखे केंद्र नाही, ही अडचण खरी. पण विहार आहे. अंगणवाडी आहे. शाळा आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र चालत जाण्याइतके जवळ नसले तरी आशाताई दारावर येते. यांपैकी एकटे कोणीच हे काम करू शकत नाही. विहार समितीने आठवड्यातून एक दुपार खोली द्यावी आणि तेवढ्या वेळात तेथे पुरुषांनी फिरकू नये. कोणत्या घरात काय चालले आहे हे अंगणवाडीच्या ताईला आणि आशाताईला आधी कळते. त्यांनी बाईच्या कानात सांगावे की अशी अशी बैठक आहे, ये. पत्रक काढू नये, फळा लिहू नये. जवळच्या व्यसनमुक्ती केंद्रातून किंवा अल-अ‍ॅनॉनच्या गटातून अनुभवी बाई मिळाली तर पहिल्या काही बैठकांना तिला बोलवावे. आम्हा शिक्षकांचे काम मुलांकडे पाहण्याचे. बाकावर झोपणारे पोर आळशी नसते, ते रात्री जागलेले असते. त्याला संध्याकाळी अभ्यासाला विहारात जागा आणि दिवा मिळाला तर निम्मे काम झाले. आणि एक वाक्य त्याला मोठ्या माणसाकडून ऐकायला मिळाले पाहिजे, की बापाच्या पिण्यात तुझा काही दोष नाही. मला ते कोणी सांगितले नव्हते.

बैठक मात्र त्या बायांचीच. यावर मी हट्टाने लिहितो, कारण आपल्याकडे चांगल्या कामाचा नाश बहुधा अध्यक्षपदाने होतो. खोली दिली म्हणून समितीचा माणूस अध्यक्ष होतो, मग सत्कार, मग फोटो, आणि फोटोत बाई दिसली की तिच्या घरी रात्री काय होते ते सांगायला नको. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसचे गट बाहेरची देणगी घेत नाहीत. सभासदच यथाशक्ती पैसे जमवून खोलीचे भाडे देतात. सहकार्य सर्वांशी, मालकी कोणाची नाही, अशी त्यांची रीत आहे. आपणही दोन-दोन रुपये जमवून चहा स्वतःचा करावा. कोणी देतो म्हटले तरी नम्रपणे नाही म्हणावे.

बचत गटातच हे बोलावे, असे काही भगिनी सुचवतात. बचत गट चांगलाच आहे, पण तेथे हप्त्याचा हिशेब असतो. ज्या बाईच्या हप्त्याचे पैसे नवऱ्याने पिऊन टाकले, ती त्याच बैठकीत तोंड कसे उघडेल? दुकान बंद करण्यासाठी मतदान घडवून आणायचे असेल तर तेही जरूर करावे, पण वेगळ्या बैठकीत. आणि पिणाऱ्याला पाच लोकांत उभे करून दंड ठोठावण्याची जुनी खोड सोडून द्यावी. तो अपमान तो घरी जाऊन वसूल करतो.

बैठकीत जे बोलले जाईल ते बाहेर जाऊ नये. सल्ला द्यायची घाई नको. एकीने सांगावे, बाकीच्यांनी ऐकावे, आणि ज्या बाईला बोलायचे नाही तिने नुसते बसावे. पहिल्या दोन-तीन वेळा बहुतेकजणी बसूनच राहतील. त्याने निराश होऊ नये.

काही गोष्टी मात्र बैठकीच्या आवाक्याबाहेरच्या आहेत, त्या ओळखता आल्या पाहिजेत. आजारी माणसाच्या शुश्रूषेला बसणाऱ्याला औषध कोणते आणि अपाय कोणता हे कळले पाहिजे, असेही त्याच प्रसंगी सांगितले आहे. वर्षानुवर्षे रोज पिणाऱ्याने शपथ घेऊन एकदम दारू सोडली तर पहिल्या दोन-चार दिवसांत हातपाय थरथरणे, आकडी येणे, भास होणे असे घडू शकते आणि त्यात जीवही जाऊ शकतो. म्हणून शपथेच्या आधी डॉक्टर. दुसरे, नवऱ्याच्या नकळत भाजीत कालवायची पावडर विकणारे पुष्कळ आहेत. दारू सोडविण्याचे एक खरे औषध असे आहे की ते पोटात असताना दारू प्याली तर उलट्या, धडधड होऊन रक्तदाब एकदम उतरतो. ते रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यायचे असते. चोरून दिलेल्या पावडरीत काय आहे ते देणारीलाही माहीत नसते. तिसरे, मारहाण. बैठक मार थांबवू शकत नाही. त्यासाठी २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे, संरक्षण अधिकारी आहे, महिलांसाठी १८१ आणि तातडीला ११२ हे क्रमांक आहेत. व्यसनाबद्दल विचारायचे असल्यास १४४४६ वर आणि मन फार खचले असल्यास १४४१६ वर फुकट बोलता येते. हे क्रमांक अंगणवाडीच्या भिंतीवर, मुलांच्या हाताला येतील एवढ्या उंचीवर लिहून ठेवावेत.

त्या मुलाच्या आईकडे मी पुन्हा गेलो, या वेळी आशाताईंना बरोबर घेऊन. मी बाहेर अंगणात थांबलो. त्या दोघी आत पाऊण तास बोलत होत्या. आता गुरुवारी दुपारी तीन ते चार विहाराची किल्ली आशाताईंकडे असते. पहिल्या गुरुवारी तीन बाया आल्या. तिघीही शेजारच्याच गल्लीतल्या निघाल्या.