पडीक म्हणण्याआधी

महाबळेश्वर-पाचगणीच्या डोंगरात वनस्पतिसमूहांचे नकाशे करताना गाठीला बांधलेल्या काही गोष्टी.

१. आधी पाऊस बघा, मग झाड. महाबळेश्वरला वर्षाला साधारण ५,५०० मिलिमीटर पाऊस पडतो. वीसेक किलोमीटरवरच्या पाचगणीत त्याच्या निम्माही नाही, आणि घाट उतरून वाईला आलं की आणखी कमी. रानही त्याच क्रमाने बदलतं: माथ्यावर सदाहरित, पूर्वेकडे पानझडी.

२. एकट्या झाडावरून समूह ठरवू नका. जांभूळ कुठेही भेटतं. जांभूळ, अंजनी आणि पिसा एकत्र, वाऱ्याने खुरटलेली दिसली, की ते महाबळेश्वरचं रान. वनस्पती-अभ्यासक जाँ-पिएर पास्कल यांनी या प्रकाराला याच तिघांचं नाव दिलं. चॅम्पियन आणि सेठ यांच्या १९६८च्या वर्गीकरणात तो पश्चिमेकडच्या उपोष्ण डोंगरी वनांत बसतो. दोन्ही नोंदी ठेवा.

३. रानासाठी उपग्रहचित्र उन्हाळ्यातलं घ्या. पावसाळ्यात ढग, पुढे काही महिने सगळंच हिरवं. मार्च-एप्रिलमध्ये पानझडी रान उघडं पडतं आणि सदाहरित पट्टा उठून दिसतो. बंगल्याच्या आवारातला सिल्व्हर ओकही तेव्हा हिरवाच असतो, म्हणून पायी जाऊन खात्री करायची.

४. सड्यावर मात्र पावसाळ्यातच जा. एप्रिलमध्ये जांभ्याचा सडा म्हणजे नुसता कातळ, आणि नकाशात त्यावर शिक्का ‘पडीक’. सप्टेंबरात तिथेच गुडघे टेकून बघा. चमचाभर मातीत गेंदाची पांढरी बोंडं, शेजारी किडे खाणारी निळी सीतेची आसवं, डबक्यात वायतुरा. असल्याच सड्याचं कास २०१२पासून जागतिक वारसा यादीत आहे.

५. प्रमाण तपासा. १:५०,००० च्या नकाशावर एकरभर देवराई जेमतेम मिलिमीटरभर उरते आणि शेजारच्या रंगात मिसळून जाते. असल्या तुकड्यांची यादी वेगळी जोडा.

६. मधपाळांना विचारा. मांघरसारख्या मधाच्या गावात जांभूळ कुठल्या उतारावर आधी फुलतं, कारवी यंदा कुठे फुलणार, हे तोंडपाठ असतं. आपला कच्चा नकाशा त्यांच्यापुढे पसरला की चुका पटापट निघतात.

७. शेवटी गट नंबर टाका. १७ जानेवारी २००१ रोजी हा परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाला. तरी बांधकामाचा अर्ज येतो तो गट नंबरावर, समूहाच्या नावावर नाही. अर्ज तपासणाऱ्या कारकुनाला त्या नंबरापुढे ‘सडा’ किंवा ‘देवराई’ असं लिहिलेलं दिसलं, तरच आपल्या वर्गीकरणाचा उपयोग.