पारेषण-तेल किती पातळ असावे?

मे महिन्यातील सायंकाळी लखनौच्या हजरतगंजात वाहनांची रांग तुंबते, तेव्हा पारा पुष्कळदा चाळीस अंशांजवळ असतो. स्वयंचलित दंतपेटीची मोटार त्या रांगेत मुंगीच्या पावलांनी सरकत असता तिच्या पोटातील तांबडे तेल मात्र क्षणभरही स्वस्थ नसते. पंप ते ओढतो, टॉर्क-परिवर्तक ते घुसळतो, दंतचक्रे त्यातून फिरतात. या घुसळणीत खर्ची पडलेली शक्ती उष्णता होऊन निघून जाते. आणि ती आलेली असते पेट्रोलातूनच.

दह्यात रवी फिरविणे व ताकात फिरविणे यांतील फरक घरोघरी ठाऊक आहे. वाहण्यास द्रव आतून जो विरोध करतो, त्यास श्यानता म्हणतात. सेंटिस्टोक हे तिचे एक माप होय. 20 अंश सेल्सियसच्या पाण्याची श्यानता सुमारे 1 सेंटिस्टोक भरते. जनरल मोटर्सच्या डेक्सरॉन-3 या तेलाची श्यानता 100 अंशांवर साधारण साडेसात असे. 2005 साली आलेल्या डेक्सरॉन-6 ची सुमारे सहा. आणि त्यानंतर निघालेल्या अतिपातळ तेलांची साडेचारच्या आसपास.

मग याहून पातळ का करू नये? कारण या तेलाकडे एकच काम नाही. दंतचक्रांचे दात एकमेकांवर दाबले जातात, तेव्हा मध्ये राहणारा तेलाचा पापुद्रा केसाहून कितीतरी बारीक असतो. तो तुटला की धातू धातूला भिडतो व दातांवर खळगे पडतात. शिवाय क्लचच्या तबकड्या आवळून धरणारा दाबही हेच तेल वाहून नेते. उन्हाळ्यात तापून ते फार पातळ झाले, तर पंपाच्या फटींतून झिरपते, दाब घटतो, तबकड्या घसरतात आणि जळतात.

येथे रसायनज्ञांनी एक मार्मिक गोष्ट हेरली. जुन्या तेलात लांबलचक रेणूंची बहुवारिके घातलेली असत. दंतचक्रांच्या चरकात ती तुटत, आणि जाडसर म्हणून भरलेले तेल काही काळाने आपोआप पातळ होई. नवे तेल आरंभीच पातळ असते, पण अधिक शुद्ध खनिज तेल व न तुटणारी बहुवारिके यांमुळे तसेच टिकते. पापुद्र्याची उणीव झीजरोधक द्रव्ये काही अंशी भरून काढतात. घर्षण बेताचे ठेवण्यासाठी तर एके काळी अमेरिकेत स्पर्म देवमाशाचे तेल मिसळीत. 1970 च्या दशकारंभी त्यावर बंदी आल्यावर पर्याय शोधणे भाग पडले.

घुसळणच टाळण्याचा दुसरा मार्ग आपल्याकडे अपरिचित नाही. रेल्वेच्या डिझेल एंजिनांसाठी द्रव व यांत्रिक अशा दोन्ही पद्धतींचा मेळ घालणारे पारेषण मनमोहन सूरी यांनी रचले. 1962 चे भटनागर पारितोषिक त्यांना मिळाले. आजच्या मोटारींतही वेग आल्यावर परिवर्तक क्लचने जखडून टाकतात.

पातळ तेलाचा लाभ सर्वांत अधिक दिसतो तो जानेवारीच्या धुक्यातील सकाळी. गारठ्यात तेलाची श्यानता अनेक पटींनी वाढलेली असते, आणि शाळेपर्यंतच्या दोन-तीन किलोमीटरांत ते नीट तापतही नाही. जुन्या दंतपेटीत मात्र हे तेल परस्पर ओतू नये. तिच्या फटी व झडपा जाड तेलाच्या हिशेबाने बेतलेल्या असतात.